गॅसलाइनच्या वाटेवर भोजली

परत आल्यावर शेजारच्या काकूंनी जिन्यातच अडवलं. "रायपूरला काय आहे वो पाहाण्यासारखं?" मी म्हटलं, "पाइप." त्यांना वाटलं मी चिडले. पण खरं तेच होतं. लोक प्रवासाला जातात तेव्हा देऊळ पाहतात, धबधबा पाहतात, निदान साडीचं दुकान तरी पाहतात. मी शेतात रांगेनं मांडून ठेवलेले काळे लोखंडी पाइप पाहून आले आणि त्यापायी एक चप्पलही गमावून आले.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. गॅसची पाइपलाइन कुठून न्यायची, हे ठरवणाऱ्या एका कंपनीत मी आहे. आम्ही पाइप टाकत नाही, गॅस विकत नाही. आम्ही नकाशावर रेघ ओढतो आणि ती रेघ ज्याच्या शेतातून जाते त्याच्या दारात जाऊन बसतो. सध्याची रेघ भारतातून नेपाळात जायची आहे. अजून सगळं कागदावर आहे. इकडचे म्हणतात आम्ही तयार आहोत, तिकडचे म्हणतात आम्हीही तयार आहोत, आणि दोघंही बैठक पुढे ढकलतात.

नेपाळच्या बाजूनं हे काम पाहतात त्या पौडेलबाई. पन्नाशीच्या, बुटक्या, कपाळावर मोठी टिकली आणि पायात शाळेच्या पोरांसारखे पांढरे बूट. त्यांनी सांगितलं होतं, तुमचे आराखडे पुरे झाले, धानाच्या शेतातून अशी लाइन खरोखर टाकतात कशी ते मला दाखवा, मग मी माझ्या सरकारला होय की नाही ते कळवते. त्यांच्या तराईतही धानच आहे, तळी आहेत, तुकड्यातुकड्यांची जमीन आहे. म्हणून ठरलं, रायपूरला जायचं. तिथे सिलतराच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या एका लाइनचं काम चालू होतं.

जागा मी निवडली नव्हती. पण नाव ऐकल्यावर मी साहेबांना दोनदा विचारलं, "रायपूरच ना?" कारण माझा जन्म रायपूरचा. बाबा रेल्वेत होते. भनपुरीच्या बाजूला आमचं क्वार्टर होतं. मी शाळेत असतानाच बाबांची बदली झाली आणि आम्ही नागपूरला आलो, त्यानंतर मी तिथे गेलेच नव्हते.

आणि दुसरं कारण आई.

निघण्याआधी, नागपूर

आईच्या छातीचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणत होते, लांबवू नका. आई म्हणत होती, "भोजली बाहीर बसल्याशिवाय मी आत नाही जात."

भोजली म्हणजे आईची रायपूरची मैत्रीण. मैत्रीण हा शब्द तोकडा आहे. छत्तीसगडात श्रावणात बायका टोपलीत गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत वाढवतात, रोज त्यांच्यापुढे गाणी म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती पिवळी रोपं वाजतगाजत तळ्यात सोडतात. त्याला भोजली म्हणतात. चार रोपं मागे ठेवून दोघी जणी एकमेकींच्या कानावर खोवतात आणि त्या दिवसापासून दोघी जन्माच्या भोजली होतात. सख्ख्या बहिणीनं करायचं ते सगळं करायचं. पोरांनाही ते नातं लागतं. एकच अट असते. त्यानंतर एकमेकींचं नाव तोंडातून काढायचं नाही.

आई भंडाऱ्याकडून नवी नवरी होऊन रायपूरला आली तेव्हा तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं. क्वार्टरच्या रांगेत दोन-चार घरं अशी होती की आम्ही बौद्ध म्हणून आमच्याकडचा चहा नको म्हणायची. भाजीची टुकनी डोक्यावर घेऊन एक बाई यायची. तिनं पहिल्याच दिवशी ओट्यावर बसून आधी पाणी मागितलं, मग भाव सांगितला. आई म्हणते, त्या पाण्याच्या गिलासावरच सगळं ठरलं. त्याच वर्षी भोजलीच्या दिवशी ती आईला आपल्या गावच्या तळ्यावर घेऊन गेली. आई तळ्याच्या पायरीवरून घसरली आणि सगळ्या गावासमोर गळ्यापर्यंत पाण्यात गेली. तिनं वेणीला धरून ओढून काढलं आणि ओल्या कानावरच रोपं खोवली.

माझा जन्म पोट कापून झाला, तेव्हा दवाखान्याच्या ओसरीवर ती भरली टुकनी बाजूला ठेवून बसून राहिली होती. भाजी सुकली. आईचं म्हणणं, आम्ही दोघी वाचलो ते तिच्या बसण्यानं.

"मग तिचं नाव सांग, मी शोधते," मी म्हटलं.

"नाव नाही घेत आमी."

"आई, ऑपरेशन आहे तुझं!"

"म्हणूनच तं. मरायच्या टायमाले शबद मोडू का?"

"लिहून दे."

"लिहणं काय आन् बोलणं काय. एकच हाय."

तिनं देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले. हे मात्र नाही. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "हे देवाचं नाही, हे दिलेल्या शबदाचं हाय." तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं तर तेही नाही, तो भाटो, म्हणजे बहिणीचा नवरा. गावाचं नाव? ते आमच्या घरात कायम "भोजलीचं गाव" होतं, आणि आईला आता तेच आठवतं. बाबा गेले, नाहीतर त्यांना माहीत असतं. शेवटी आई वैतागली. "तूच तं सांगतं लोकायले, मी नकाशे काढतो म्हणून. मंग काढ ना तिचं घर!"

भनपुरी

पौडेलबाई दिल्लीहून विमानानं आल्या, मी नागपूरहून गाडीनं. स्टेशनवर उतरले आणि पहिला धक्का हा बसला, की मला रस्ता कळेना. लहानपणी इथे उतरलं की बाबा बोट सोडून द्यायचे, मी धावत पुढे जायचे. आता मेश्राम गाडी घेऊन आले नसते तर मी बाहेरच उभी राहिले असते.

मेश्राम हे लाइनच्या कामावरचे इंजिनिअर. त्यांच्या आजोबांनी चंद्रपूरहून येऊन इथे नोकरी धरली. नातू आता समता कॉलोनीत राहतो. मराठी बोलता बोलता ते केव्हा हिंदीत शिरतील, याचा नेम नाही. "मॅडम, तुमाले जुनं काही नाही सापडणार. सब बदल गया. आमीच रस्ता विसरून राहिलो, तुमचं काय!"

विमानतळावरून पौडेलबाईंना घेतलं आणि मी हट्टानं गाडी भनपुरीवरून घ्यायला लावली. ट्रकांच्या रांगेत आम्ही इतका वेळ अडकलो की पौडेलबाईंनी पर्समधला लसणाचा चिवडा काढला आणि ड्रायव्हरसकट सगळ्यांना वाटला. आमची क्वार्टरची रांग मला दिसली ती पेरूच्या झाडावरून. घरं पाडलेली होती. झाड होतं, त्याला कोणीतरी ट्रकचं जुनं टायर टांगून झोका केला होता. मी उतरले नाही. उतरले असते तर रडले असते आणि पाहुणीसमोर ते बरं दिसलं नसतं.

पौडेलबाईंच्या लक्षात आलंच. आम्ही दोघी हिंदीत बोलत होतो, इथे मराठीत लिहिते. त्या म्हणाल्या, "तुमचं इथे कुणी आहे का?"

मग मी सगळं सांगितलं. नाव न घेण्याचं सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमच्या आईचं. आमच्याकडे असाच मीत लावतात. माझ्या वडिलांचा मीत थारू होता, तराईतला आदिवासी. मी त्याला मीतबा म्हणायची. वडील त्याला मीतज्यू म्हणायचे, नाव कधी घेतलं नाही. तो वारला तेव्हा आमच्या घरातही सुतक पाळलं. माझ्या आईनं मीठ सोडलं." मग म्हणाल्या, "त्याचं नाव मला अजून माहीत नाही."

मेश्राम पुढच्या सीटवरून वळले. "मंग तं सोपं हाय! दोन देशांची भोजली लावून टाका. नाव नाही घ्यायचं, भांडण नाही करायचं."

"भांडण नाही करायचं, हे कोण पाहणार?" पौडेलबाई म्हणाल्या.

त्या दिवसांत हाच प्रश्न त्यांनी मला निरनिराळ्या शब्दांत विचारला. गाडीत विचारला, जेवताना विचारला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लाइन येईल, गॅस येईल, आमच्या बायकांचे डोळे धुरातून सुटतील, सगळं कबूल. पण ती उघडायची-मिटायची चावी तुमच्या अंगणात असणार. "एकदा सीमेवर गॅसच्या गाड्या थांबल्या होत्या. का थांबल्या, कुणामुळे, ते मोठ्यांनी ठरवावं. मी गच्चीवर विटा मांडून जुन्या खुर्चीचे पाय जाळले आणि भात शिजवला. माझी मुलगी त्या खुर्चीवर अभ्यास करायची." हे त्यांनी रागानं सांगितलं नाही. मी त्यांना आणखी एक फरा वाढला.

फरा म्हणजे शिजलेला भात आणि तांदळाचं पीठ मळून, बोटाएवढ्या वळ्या करून वाफवतात आणि तीळ-मिरचीची फोडणी देतात. रस्त्याच्या कडेला एका बाईच्या टपरीवर आम्ही तो खाल्ला. माझ्या जिभेनं तो लगेच ओळखला. भोजली आणायची तो सागाच्या पानात बांधून, आणि पानाचा लालसर रंग वळ्यांना लागलेला असायचा. पौडेलबाई म्हणाल्या, ही तर आमची ढिकरी! मग त्यांनी टपरीवालीला तिखट कमी का, जिरं का नाही, यावर हिंदीत सुनावलं, आणि ती बाई छत्तीसगडीत उत्तरं देत राहिली. दोघींचं छान जमलं.

संध्याकाळी मेश्रामांच्या घरी जेवायला गेलो. त्यांच्या बायकोनं इडहर केलं होतं. आपल्या अळूवड्यांसारखंच, फक्त पीठ उडदाच्या डाळीचं आणि वड्या कढीत सोडलेल्या. आपण वडी कुरकुरीत राहावी म्हणून जीव टाकतो, इथे ती मुद्दाम भिजवतात. आई असती तर तिनं दोन्ही तऱ्हा करून घातल्या असत्या. मेश्रामांच्या मुलीला माझं मराठी नीट समजत होतं आणि ती उत्तरं हिंदीत देत होती. तिला मी भोजलीचं विचारलं. "हाँ आंटी, स्कूल में निबंध आता है," ती म्हणाली.

हॉटेलात परतल्यावर आईचा फोन. "सापडली का?"

"आजच तर आले, आई."

"मंग लाइन कायले पाहत बसली?"

सिलतराच्या पलीकडे

सिलतरा लागायच्या आधीच हवा बदलते. लोखंडाच्या कारखान्यांची काळी भुकटी पानांवर, छपरांवर, दुकानातल्या केळ्यांवर. पौडेलबाईंचे पांढरे बूट कारखान्यांचा पट्टा ओलांडेपर्यंत करडे झाले. त्यांनी वाकून बोटानं पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, आता जपायला नको." पट्टा संपला की मात्र एकदम शेतं सुरू होतात. फाल्गुन होता. पळस फुलले होते, कापलेल्या धानाच्या खुंटांवर गाई चरत होत्या, आणि मधूनच ती आमची लाइन जात होती. खोदलेला लांब चर, बाजूला उपसलेली माती, आणि ओंडक्यांवर ठेवलेले पाइप.

अशा लाइनसाठी जमीन विकत घेत नाहीत. जमीन शेतकऱ्याचीच राहते. पाइप पुरला, माती सारखी केली की तो वर पुन्हा धान लावू शकतो. फक्त त्या पट्ट्यात घर नाही बांधायचं, विहीर नाही खोदायची, खोल मुळांचं झाड नाही लावायचं. हे समजावायला आम्हाला दारोदार फिरावं लागतं, कारण लोकांना वाटतं सगळंच गेलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला पौडेलबाईंनी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत, आपल्या शेताखालून दुसऱ्याची वस्तू जाते म्हणून? तो म्हणाला, "खाल्हे ले जाही, ऊपर ले मैं जाहूं." म्हणजे ती खालून जाईल, मी वरून जाईन. पौडेलबाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी त्याला दोनदा म्हणायला लावलं.

काम पाहता पाहता मी माझंही काम करत होते. लाइन ज्या तीन गावांच्या कडेनं जाते, त्यातलंच एक भोजलीचं असणार, एवढं मला दिशेवरून वाटत होतं. लहानपणी आम्ही क्वार्टरपासून रुळांच्या कडेनं चालत, मग ओढा ओलांडून जायचो. रूळ होते, पण ओढ्याचा नाला झाला होता आणि मधे भिंतीच भिंती. जमीनमालकांची सगळी नावं माझ्या लॅपटॉपमध्ये होती आणि त्यांचा मला काडीचा उपयोग नव्हता.

पहिल्या गावात मी पारावरच्या बायकांना विचारलं, इथे कुणाची भोजली रेल्वे क्वार्टरमधली होती का? त्या एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या. एकीनं दुसरीला पुढे ढकललं, "ये मोर भोजली हे." दुसरी म्हणाली, तिसरी माझी. त्या गावात प्रत्येक बाई कुणाची ना कुणाची भोजली होती. दुसऱ्या गावात तेच झालं, वर चहा प्यावा लागला. मेश्राम म्हणाले, "मॅडम, नाव तं पाहिजे ना." मग स्वतःच म्हणाले, "पण नावानंही नसतं भेटलं. इकडे सुनेले माहेरच्या गावावरून हाक मारतात. मांढर गावची असली तं मांढरहिन. माझ्या घरमालकिणीचं नाव मले तिच्या तेरवीलेच समजलं."

म्हणजे आईनं शपथ मोडून नाव सांगितलं असतं, तरी गावाला ते ठाऊक नसतं. मला हसू आलं आणि मग खूप भीती वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक, संध्याकाळी माझी गाडी होती. आई हट्टाची आहे. ती खरंच आत गेली नाही तर, हा विचार मी तोपर्यंत केलाच नव्हता.

तळ्यावर

तिसऱ्या गावाजवळ आमची सरळ चाललेली लाइन एकदम वळसा घेते. पौडेलबाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "इथे का वळवली? सरळ नेली तर स्वस्त पडतं."

"तरिया आहे ना," मेश्राम म्हणाले. तरिया म्हणजे तळं. "काठाकाठानं खोदणार होतो. एक पावसाळा घाट बंद राहिला असता. गावातल्या बाया येऊन बसल्या. म्हणे, भोजली पाण्यात कुठे शिरवायची? मोठे साहेब म्हणाले, एका वर्षानं काय होते? एक म्हातारी म्हणे, ज्यांची यंदा व्हायची त्यांची राहून जाईल ना. मंग वळवली लाइन."

मला तो घाट जवळून पाहायचा होता. दगडी पायऱ्या, खाली हिरवं पाणी, पलीकडे वडाचं झाड, आणि त्याच्या मागे आता कारखान्याची चिमणी. तीन बायका कपडे धूत होत्या. हेच ते तळं का, मला सांगता येईना. सगळी तळी सारखीच दिसतात. मी फोटो काढायला म्हणून एक पायरी उतरले, आणखी एक उतरले, आणि पुढची पायरी शेवाळाची होती.

पाणी नाकातोंडात गेलं. एक चप्पल तिथेच राहिली, ती अजूनही त्या तळ्यात असेल. वर आले ती कुणीतरी दंडाला धरून ओढल्यामुळे. धुणं धुणाऱ्या तिघी पोट धरून हसत होत्या. सगळ्यात म्हातारी होती ती पायरीवर बसून डोळे पुसत म्हणाली, "अइसनेच एक झन मरेठिन गिरे रिहिस!"

म्हणजे अशीच एक मराठीण पडली होती.

मी तशीच ओली, एका पायात चप्पल, उभी राहिले. विचारलं, "कोणती मरेठिन?"

"रेलवई के. मांढरहिन के भोजली. ओखर चोटी ला धर के निकालिन." वेणीला धरून काढलं होतं तिला. मग ती हसायची थांबली. माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्या मरेठिणीची लेक का, म्हणून विचारलं. "तैं मरेठिन के नोनी हस का?"

हव, मी म्हटलं. तोंडातून तेच आलं. हो नाही, हाँ नाही, हव. पौडेलबाईंनी आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि त्याच रडायला लागल्या. मेश्राम चिमणीकडे पाहत उभे राहिले.

गाव आईला विसरलं नव्हतं. आई पडली, ही त्या घाटावरची गोष्ट झाली होती. दर भोजलीला नव्या पोरींना सांगतात म्हणे, सांभाळून उतरा, मरेठिन होऊ नका.

नवा पारा

भोजलीचं घर गावाच्या टोकाला, नव्या वस्तीत होतं. इथे वस्तीला पारा म्हणतात. जुनी जमीन कारखान्यात गेल्यावर मुलानं इथे पक्कं घर बांधलं. ती अंगणात खाटेवर बसून लाखोळीची वाळलेली भाजी निवडत होती. खूप लहान झाली होती. माझ्या आठवणीत ती दारात मावत नसे.

मी पाया पडले. तिनं माझ्या ओल्या केसांवर हात ठेवला, मला वास घेतल्यासारखं जवळ ओढलं आणि अस्सल वऱ्हाडीत म्हणाली, "तरियात पडली ना? माय तशी लेक. बस. पाणी पी आधी."

आईचं मराठी तिनं उचललं होतं, शब्दांसकट, हेलासकट. इतकी वर्षं ते कुणाशी बोलली नसेल, आणि तरी ते जसंच्या तसं होतं. मी फोन लावला. आईनं उचलल्या उचलल्या विचारलं, "सापडली?" मी फोन भोजलीच्या हातात दिला.

ती म्हणाली, "जय भीम, भोजली."

पलीकडून आईचा आवाज, "सीताराम, भोजली."

त्यांची तीच पद्धत होती. प्रत्येकीनं दुसरीचं अभिवादन करायचं. लहानपणी मला ती गंमत वाटायची, बाबा चिडवायचेही. आता अंगणात उभं राहून ते ऐकवेना. आई तिकडून छत्तीसगडीत सुरू झाली होती. "मोर छाती ला चीरही कहिथे, भोजली. तोर बिना मैं नइ जावंव." आणि ही इकडून वऱ्हाडीत, "काहून रडून राहिली वो? मी येऊन राहिलो ना. उद्याच येतो. तू फकत जेव."

फोन ठेवून तिनं सुनेला हाक मारली आणि पेटीतली साडी काढायला सांगितली. मी म्हटलं, तुमची तब्येत, प्रवास, मुलाला विचारते. ती म्हणाली, "कायले विचारतं? जायचंच हाय तं." मुलगा कारखान्यातून आल्यावर त्यानं फक्त गाडी किती वाजता ते विचारलं.

पौडेलबाई आणि भोजलीचं काय बोलणं झालं ते मला पूर्ण कळलं नाही. मी आत कपडे बदलत होते. बाहेर आले तेव्हा त्या विचारत होत्या, "पण तुम्ही बाहेर बसून करता काय?"

"काही नाही," ती म्हणाली; मेश्राम हिंदी करून सांगत होते. "आतल्याले ठावं असते, आपलं मानूस बाहीर हाय. आन् डाक्टरले बी ठावं असते."

बैठक

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या थंडगार खोलीत बैठक झाली. मोठे साहेब, पडद्यावर आराखडे, काजूची बिस्किटं. सगळ्यांना वाटत होतं पौडेलबाई जमिनीबद्दल, भरपाईबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, लाइन चांगली आहे, तळं वाचवलंत ते मला आवडलं. माझी अट एकच आहे. लाइन चालू-बंद करायची खोली तुमच्या बाजूला असेल, तर प्रत्येक पाळीला तिथे आमचा एक माणूस बसेल. आणि आमच्या बाजूच्या खोलीत तुमचा एक.

"तो करेल काय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. बसेल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी काही समजावून सांगेन. मी म्हटलं, "सर, मला हे योग्य वाटतं." नोकरीत मी इतकं स्पष्ट क्वचितच बोलले असेन. त्यांनी ते लिहून घेतलं. वर विचारू म्हणाले. असल्या कामात एवढं झालं तरी पुष्कळ असतं.

निघताना पौडेलबाईंनी मला आपली शाल परत देऊ दिली नाही. आम्ही एकमेकींच्या कानावर काही खोवलं नाही. पण तेव्हापासून मी त्यांना नावानं हाक मारलेली नाही, आणि या लिखाणात त्यांचं फक्त आडनाव आहे हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

परत

गाडीत भोजली खिडकीशी बसली. मांडीवर टुकनी, तीत सागाच्या पानात बांधलेला फरा. गोंदियापर्यंत ती मला माझ्याच लहानपणाच्या गोष्टी सांगत होती. त्यातल्या निम्म्या मला माहीत नव्हत्या. क्वार्टरची रांग पाडली, त्या दिवशी ती तिथे गेली होती म्हणे. आमच्या पेरूच्या झाडाला हात लावू नका म्हणून सांगून आली होती.

घरी दोघींची भेट झाली ती मी लिहीत नाही. मी स्वयंपाकघरात चहा उतू जाऊ दिला, एवढंच सांगते.

ऑपरेशनच्या सकाळी पौडेलबाईंचा मेसेज आला. बसली का? मी कळवलं, बसतेय. त्यांनी लिहिलं, आमच्याकडे अजून बोलणी चालू आहेत, पण खोलीत माणूस बसेल ही ओळ कुणी खोडलेली नाही.

दवाखान्याच्या दारात आईला स्ट्रेचरवर निजवलं होतं. बाहेर बसणाऱ्याला पास लागतो. तिथल्या माणसानं भोजलीला विचारलं, "पेशंटचे कोण?"

"भोजली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बहीण लिहा."

"नाव बोला, मावशी."

भोजलीनं आईकडे पाहिलं. आईनं सुई लावलेला हात आणि मोकळा हात, दोन्ही उचलून कानांवर घट्ट दाबले आणि डोळेही मिटले. तेव्हा भोजली त्या माणसाच्या कानाशी वाकली आणि हळूच बोलली. त्यानं लिहिलं, पास माझ्या हातात दिला.

मी वाचलं. इतकी वर्षं आमच्या घरात होतं आणि कधीच नव्हतं, असं ते तीन अक्षरांचं नाव. फार गोड आहे. इथे लिहिणार नाही, पोरांनाही नातं लागतं. मी तो पास तिच्या पदराला लावला, अक्षरांची बाजू आत करून.

आईनं एक डोळा किलकिला केला. "लावला?"

"लावला."

तिनं कानांवरचे हात काढले आणि वॉर्डबॉयला म्हणाली, "मंग न्या आता मले."